जावाच्या कट्ट्यावर

इंडोनेशियाच्या भाषेत 'नोंगक्रोंग' असा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ उकिडवे बसणे. आज मात्र चार मित्रांनी रस्त्याच्या कडेला, चहाच्या गाडीपाशी किंवा कॉफीच्या दुकानात, हाती काहीएक काम नसताना तासन्‌तास बसून राहणे, या अर्थाने तो वापरला जातो. मराठीत त्याला जवळचा शब्द शोधायचा तर 'कट्ट्यावर बसणे' हाच होय.

हा शब्द आमच्या कानी प्रथम पडला तो २०१७ साली. त्या वर्षी ऑगस्टच्या प्रारंभी जावा बेटावरील योग्याकार्ता शहरात सातवा आशियाई युवा दिन साजरा झाला. काही युवक-युवतींसमवेत आम्हीही तेथे गेलो होतो आणि त्या निमित्ताने मध्य जावातील एका कॅथलिक कुटुंबाचा पाहुणचार आम्हांला लाभला होता. त्या कुटुंबाशी जुळलेला स्नेह पुढेही टिकून राहिला आणि त्यांच्यामुळे त्या देशातील तरुणांच्या जीवनाकडे आमचे लक्ष सतत लागून राहिले.

हे सारे आज लिहावेसे वाटले याला कारण आहे. धर्मग्रामातील पालक आमच्याकडे येतात आणि एकच गाऱ्हाणे निरनिराळ्या शब्दांत मांडतात. "फादर, मुलगा रात्री अकरापर्यंत नाक्यावर बसतो. घरी आला की मोबाइलमध्ये डोके घालतो. आमच्याशी चार शब्द बोलायला त्याला वेळ नाही." हे गाऱ्हाणे केवळ आपल्या गावचे नाही. जावातील आईबापांच्या तोंडूनही ते आम्ही ऐकले आहे. तेव्हा परक्या अंगणातील मुलांकडे जरा निवांतपणे पाहिले, तर आपल्या मुलांविषयी काही उमगते का, हे पडताळून पाहायला हरकत नाही. तसा तो देश आपणांस अगदीच परका नाही. ज्या संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला आपण गोव्यास जातो, तो १५४६ साली मलाक्काहून पुढे अंबोन बेटावर गेला होता. ते बेट आज इंडोनेशियातच मोडते.

२०२० च्या जनगणनेत इंडोनेशियाची लोकसंख्या २७ कोटी भरली. त्यांपैकी १९९७ ते २०१२ या काळात जन्मलेली मुले सुमारे २८ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेसात कोटी होती. बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. कॅथलिकांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. परंतु संध्याकाळ झाली की ही सारी मुले धर्म, जात, बेट विसरून एकाच गोष्टीकडे वळतात, ती म्हणजे बसण्याची जागा.

योग्याकार्ता हे विद्यार्थ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. तेथे ही जागा 'आंगक्रिंगान' नावाच्या हातगाडीपाशी मिळते. आमच्या यजमानांचा थोरला मुलगा तेव्हा महाविद्यालयात शिकत होता. एका रात्री तो आम्हांला तेथे घेऊन गेला. लाकडी गाडी, वर ताडपत्री, मिणमिणता दिवा, एका टोकाला निखाऱ्यांवर ठेवलेल्या तीन किटल्या. गाडीवर 'मांजराचा भात' या नावाच्या लहान लहान पुड्या रचलेल्या असतात. मूठभर भात, थोडे तिखट आणि चिमूटभर सुकी मासळी. मांजरापुढे ठेवावा एवढाच, म्हणून ते नाव. तुगू रेल्वे स्थानकाजवळ तर कॉफीच्या पेल्यात रसरशीत निखारा टाकून देतात. चर्र असा आवाज होतो आणि नवखा माणूस दचकतो. पदपथावर चटया अंथरलेल्या असतात. त्या चटईवर विद्यार्थी बसतो, सायकलरिक्षा ओढणारा बसतो आणि कचेरीतला कारकूनही बसतो. एक पेला चहा घेऊन तीन तास बसले तरी कोणी उठ म्हणत नाही.

आम्ही त्या मुलाला विचारले, "येथे बसून तुम्ही करता तरी काय?" तो हसून म्हणाला, "काही नाही, रोमो. काही करायचे नसते म्हणूनच तर येतो." जावात धर्मगुरूला 'रोमो' म्हणतात, त्याचा अर्थ वडील.

हीच मुले पुढे मोठ्या शहरांत गेली आणि चटईची जागा वातानुकूलित कॉफीच्या दुकानांनी घेतली. ताडाच्या गुळाची, दूध घातलेली, बर्फाची कॉफी हे आज तेथील तरुणांचे आवडते पेय. वडीलधारी मंडळी पैशांचा हिशेब मांडतात आणि कपाळाला हात लावतात. मुले मात्र एक पेला घेऊन सायंकाळभर बसतात. पाहू गेले तर सवय जुनीच आहे, वरचे छप्पर तेवढे बदलले आहे.

त्यांची बोलीही वडीलधाऱ्यांना खटकते. लांब शब्दांचे तुकडे करून ते जोडायचे, ही त्या बोलीची खोड. अंग हलवायचा कंटाळा याला 'मागेर', प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेणे याला 'बापेर', प्रेमाच्या पायी गुलाम झालेल्याला 'बुचिन'. जकार्ताच्या दक्षिण भागातील मुले अर्धे वाक्य इंग्रजीत बोलतात, म्हणून त्यांची थट्टाही होते. चार दिवस बाहेरगावी फिरून येण्याला ती मुले 'हीलिंग' म्हणतात, जणू काही जखमच भरून यायची आहे. या सगळ्या शब्दांत एक शब्द मात्र आमच्या मनात घर करून राहिला. तो म्हणजे 'चुरहात'. 'चुराहान हाती', अर्थात हृदय ओतणे, या दोन शब्दांपासून तो बनला. मित्रापाशी मन मोकळे करायचे असले की ती मुले म्हणतात, "जरा चुरहात करायचा आहे." वर्षानुवर्षे पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला या शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ज्या पिढीने स्वतःहून असा शब्द घडविला, तिला ऐकणारा कान हवा आहे, एवढे तरी निश्चित.

कपड्यांचेच पाहा. २०२२ च्या मध्यास जकार्तात एक गंमत घडली. शहराच्या दक्षिणेकडील चितायाम, बोजोंगगेडे, डेपोक अशा उपनगरांतील गरीब घरची मुले लोकलने डुकुह आतास येथे उतरू लागली. सभोवती उंच कचेऱ्या, मध्ये रुंद रस्ता. अंगावर जे स्वस्तातले कपडे होते ते नटवून-सजवून या मुलांनी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच फॅशनची मिरवणूक सुरू केली. लोकांनी त्याला 'चितायाम फॅशन वीक' असे नाव दिले. जवळच्या श्रीमंत व्यापारी भागाला सुदिर्मान सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, थोडक्यात 'एससीबीडी', म्हणतात. या मुलांच्या वाऱ्यांमुळे त्याच चार अक्षरांचा नवा अर्थ रूढ झाला: सुदिर्मान, चितायाम, बोजोंगगेडे, डेपोक! पुढे काय व्हावे? एका प्रसिद्ध कलावंताच्या कंपनीने त्या नावावर व्यापारी हक्क नोंदविण्यासाठी अर्ज केला आणि लोकांचा रोष पाहून तो मागे घेतला. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून पोलिसांनी मुलांना पांगविले. काही आठवड्यांचा तो खेळ संपला. त्याला कोणी उथळपणा म्हणेल. परंतु ज्या मुलांना त्या उंच इमारतींत कधी कोणी बोलावले नसते, त्यांनी इमारतीबाहेरचा रस्ता तरी काही काळ आपला मानला, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

संगीताची कथा याहून वेगळी नाही. पश्चिम जावातील गारूत जिल्ह्यातील तीन मुलींनी २०१४ साली एक वाद्यवृंद काढला. डोक्यावर हिजाब आणि हातात गिटार. संगीत म्हणाल तर कानठळ्या बसविणारे. वृंदाचे नाव 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'; सुंदानी भाषेत बाचेप्रोत म्हणजे बडबड, गलका. मुलींनी असे काही करावे का, म्हणून त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. त्याच मुली २०२४ साली इंग्लंडमधील प्रख्यात ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. तो मान मिळविणारा तो पहिला इंडोनेशियन वृंद. कोरियन गायकांच्या नादी लागलेल्या मुलामुलींची थट्टा तर तेथे रोजचीच आहे. जून २०२१ मध्ये अशाच एका कोरियन वृंदाच्या नावाने एका उपाहारगृह-साखळीने खास जेवण विक्रीस काढले. महामारीच्या त्या दिवसांत ते घरपोच मागविण्यासाठी एवढी झुंबड उडाली की दुकानांपुढे मोटारसायकलवरून जेवण पोचविणाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि कित्येक दुकाने तात्पुरती बंद करावी लागली. वडीलधारी मंडळी म्हणाली, काय हे वेड! परंतु त्याच वेड्या मुलामुलींनी तासन्‌तास ताटकळलेल्या त्या वाहकांसाठी आपापसांत वर्गणी गोळा केली, हे मात्र थोड्यांनी लक्षात घेतले.

आता या रंगीत पडद्यामागे काय आहे, तेही सांगितले पाहिजे. तेथील कमावत्या तरुणांसाठी 'सँडविच पिढी' असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. वर म्हातारे आईबाप, खाली शिकणारी भावंडे किंवा स्वतःची मुले आणि मध्ये एकाच्या पगारावर सर्वांचा भार. पगार पुरला नाही की मोबाइलवर बोट टेकवताच कर्ज मिळते. त्याला 'पिंजोल' म्हणतात. त्यात बेकायदा सावकारांचा सुळसुळाट आहे. त्याच मोबाइलवर जुगारही उपलब्ध आहे आणि त्या नादात घरेच्या घरे बुडाली आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत दहा ते सतरा वयाच्या मुलांपैकी दर तिघांत एकाला मानसिक आरोग्याची काही ना काही तक्रार असल्याचे आढळले. आणि अशा मुलांपैकी मदतीसाठी कोणाकडे गेलेली मुले शंभरात तीनसुद्धा नव्हती. मागेर, बापेर, हीलिंग हे शब्द मग केवळ थट्टेचे राहत नाहीत.

२०२१ साली एके दिवशी आमच्या मोबाइलवर इंडोनेशियातून एक निरोप आला. अनोळखी क्रमांक, उद्धट भाषा. आमच्या यजमानांच्या त्याच थोरल्या मुलाचे छायाचित्र आणि खाली मजकूर की, ह्या माणसाने कर्ज बुडविले आहे, तुम्ही याला ओळखता, याला पैसे भरायला सांगा. कर्ज देताना सावकार कर्जदाराच्या मोबाइलमधील सगळे क्रमांक उचलून घेतात आणि हप्ता थकला की ओळखीच्या प्रत्येकाला असे निरोप धाडतात, ही त्यांची रीत. आम्ही त्याला दूरध्वनी केला. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "रोमो, आईला सांगू नका."

महामारीत त्याची नोकरी गेली होती. वडिलांच्या औषधपाण्याला आणि धाकट्या बहिणीच्या फीला पैसे हवे होते. दिवसा मिळेल ते काम आणि रात्री मोटारसायकलवर प्रवासी ने-आण, असे त्याचे चालले होते. एका सावकाराचे फेडायला दुसऱ्याचे आणि दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्याचे, असा फास आवळत गेला होता. मग यातून तो सुटला कसा? आंगक्रिंगानच्या त्या चटईवरील त्याच्या सात-आठ मित्रांनाही तोच निरोप पोचला होता. ते मित्र 'आरिसान' चालवीत असत. आपल्याकडच्या भिशीसारखीच ती प्रथा; दरमहा प्रत्येकाने ठरावीक रक्कम घालायची आणि चिठ्ठी निघेल त्याने उचलायची. त्या महिन्यात त्यांनी चिठ्ठी टाकलीच नाही. सगळी रक्कम त्याच्या हाती दिली आणि पुढच्या महिन्याचीही दिली. रिकामटेकडे म्हणून ज्यांना गाव ओळखत होते, त्यांनी हे केले.

ह्या बसण्यातून केवळ मैत्रीच निपजते असेही नाही. इंडोनेशियाच्या इतिहासात २८ ऑक्टोबर १९२८ हा दिवस मोठा मानला जातो. डच सत्तेखालील निरनिराळ्या बेटांवरचे तरुण त्या दिवशी जकार्तात एकत्र जमले आणि एक मायभूमी, एक राष्ट्र, एक भाषा अशी प्रतिज्ञा त्यांनी घेतली. तिच्यातील 'पुत्र', 'पुत्री', 'बांग्सा' म्हणजे वंश आणि 'बाहासा' म्हणजे भाषा हे शब्द आपल्याही ओळखीचे आहेत. संख्येने अधिक असूनही जावाच्या लोकांनी आपली भाषा पुढे न रेटता सर्वांना सोयीची मलय भाषा स्वीकारली. या परिषदेचे पहिले सत्र २७ ऑक्टोबरला कॅथलिक युवक संघाच्या सभागृहात भरले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. अखेरचे सत्र ज्या घरात झाले ते क्रामात रस्त्यावरील विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते. म्हणजे तेही मुलांचे बसण्याउठण्याचेच ठिकाण.

त्याच देशाच्या तरुणांनी ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइलवरून एकमेकांना इशारा देऊन लाखोंच्या संख्येने आवाज उठविला आणि निवडणूक कायद्यात संसद घाईघाईने करू पाहत असलेला बदल थांबविला. ऑगस्ट २०२५ मध्ये खासदारांना घरभाड्यापोटी दरमहा ५ कोटी रुपिया मिळतात हे उघड झाले, तेव्हा ते पुन्हा रस्त्यावर आले. २८ ऑगस्टच्या रात्री पोलिसांच्या चिलखती गाडीखाली सापडून एक २१ वर्षांचा मोटारसायकलवाहक ठार झाला आणि देश पेटला. पुढच्या दिवसांत जाळपोळ झाली, मकासार शहरात माणसे आगीत दगावली. त्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु त्या वाहकाच्या दफनाला त्याच्यासारखेच हजारो वाहक हिरवी जाकिटे घालून लोटले होते, ते कोणाच्या आज्ञेवरून नव्हे. रोज रस्त्याच्या कडेला एकत्र बसणारी ती माणसे होती.

आता शेवटची गोष्ट. सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ समाजात 'मेरांताऊ' नावाची जुनी चाल आहे. तेथे घर आणि शेती मुलींकडे जाते. मुलगा वयात आला की त्याने परमुलखात जावे, शिकावे, कमवावे आणि अनुभवाची शिदोरी घेऊन परत यावे. जाण्यात परतण्याचे वचन असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र तरुणांच्या तोंडी निराळेच शब्द आले: 'काबुर आजा दुलु', म्हणजे 'आधी पळ तर काढू या'. देशात काम नाही, पगार पुरत नाही, म्हणून जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलिया गाठण्याच्या वाटा ती मुले एकमेकांना सांगू लागली. एका उपमंत्र्याने तर जायचे तर जा, हवे तर परतूही नका, अशा आशयाचे उद्गार काढले. आखात, कॅनडा आणि इस्रायलच्या वाटेला मुले लावलेल्या आपल्या घरांना या शब्दांची धार वेगळी समजावून द्यायला नको.

आमच्या यजमानांचा मुलगाही त्याच वर्षी जपानला गेला. तेथील एका वृद्धाश्रमात तो परक्या आजीआजोबांना आंघोळ घालतो, भरवितो, त्यांच्या कुशी बदलतो. तो गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्याचे मित्र सवयीने त्याच्या घरापाशी आले. आईने चहा केला आणि अंगणात चटई टाकली. आजवर ती दारातूनच त्यांना हाक मारून आत जात असे. त्या दिवशी ती त्यांच्यासोबत बसली. बोलता बोलता रात्रीच्या फेऱ्या, ते कर्ज, ते निरोप, ती आरिसान, सगळे तिला कळले. चार वर्षे एकाच छपराखाली राहून जे कानी आले नव्हते, ते तिने मुलाच्या मित्रांकडून ऐकले. हे तिने आम्हांला दूरध्वनीवर सांगितले. ती जावानीत बोलत होती आणि धाकटी मुलगी इंग्रजीत सांगत होती. "रोमो, मी त्याला रोज विचारायची, जेवलास का? तो हो म्हणायचा. त्यापुढे मी काही विचारले नाही आणि तो बोलला नाही." आता दर शनिवारी ती चटई पडते. ती पोरे येतात. त्यातला एखादा मागे रेंगाळतो आणि तिच्यापाशी आपला चुरहात करून जातो.

तेव्हा नाक्यावर बसणाऱ्या मुलाचे करायचे काय, या प्रश्नाकडे पुन्हा वळू. जागरण, व्यसन, जुगार यांवर आईबापांनी डोळा ठेवलाच पाहिजे. तेथे कसूर नको. पण मुलगा कुठे बसतो आणि किती वाजेपर्यंत बसतो, एवढाच हिशेब ठेवून भागणार नाही. त्याच्या शेजारी कोण बसते, त्यांची नावे काय, त्यांच्या घरी काय चालले आहे, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. आपल्या ओटीवर, आपल्या चर्चच्या आवारात, आपल्या सभागृहाच्या पायरीवर या मुलांना काम न सांगता, गुण न विचारता, उपदेश न करता घटकाभर बसू देणारी एखादी जागा आहे काय? नसेल तर ती करावी लागेल. चटई आणि चहा एवढ्या भांडवलावर ती होते. आणि मुले बसली की त्यांच्यात आपणही थोडे बसावे. बोलण्याची घाई करू नये.